बीपीची, फिटची गोळी घेता? आजच आरशात हिरड्या पाहा!

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील नागरिकहो,

गेल्याच आठवड्यात डोंबिवली पूर्वेतील एका काकूंना पुढचे दात काढून टाकायला सांगण्यात आले. हिरड्या दातांवर चढलेल्या, घास चावला की रक्त. पायोरिया म्हणून कोणी गुळण्या दिल्या, कोणी महागडी पेस्ट. तुरटी झाली, मिसरीसुद्धा झाली. पण रोज कोणती गोळी घेता, एवढे एकानेही विचारले नाही! काकू कित्येक वर्षे बीपीसाठी अम्लोडिपिन घेतात.

काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात, हे आज कळलेले नाही. फिटवरचे फेनिटॉइन १९३८ साली वापरात आले आणि १९३९ मध्येच त्याने हिरड्या वाढतात अशी नोंद झाली. ते घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना हा त्रास होतो. किडनी बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरिनने साधारण चौघांत एकाला. अम्लोडिपिनने शंभरात दोन-तीनच, पण ही गोळी आज घराघरांत आहे. आपल्या शहरांत ही गोळी घेणाऱ्यांच्या संख्येला हे दोन-तीन लावून पाहा, मग बोला.

‘जीव वाचतोय ना, हिरड्यांचे काय घेऊन बसलात?’ असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. फिटची गोळी घेणारी मुलगी वर्गात तोंडावर हात धरून बसते, तिला त्यांनी हे सांगून यावे.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: गोळी स्वतःहून बंद करायची नाही! फिटची गोळी अचानक सोडली तर न थांबणारे झटके येऊन जीव जाऊ शकतो. बीपीची सोडली तर अर्धांगवायूचा धोका.

मग करायचे काय? पुढच्या दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण फुगलाय का ते पाहा, सुरुवात बहुधा तिथूनच होते, तीही गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत. सगळ्या गोळ्यांची नावे, कधीपासून घेता, हे कागदावर लिहा आणि दातांच्या डॉक्टरांपुढे ठेवा. दातांवर कीटण साचले की वाढ जोर धरते, म्हणून रात्री ब्रश चुकवू नका, दात साफ करून घ्या. गोळी बदलता येईल का, हे मूळ डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा येते. नुसती हिरडी कापून घेतली आणि गोळी तीच राहिली, तर ती पुन्हा वाढू शकते. खर्च झेपत नसेल तर लोकल पकडा, मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर कळवा. तक्रारच गेली नाही तर नोंद कुठून होणार?

दवाखान्यातल्या डॉक्टरांनो, केमिस्टबंधूंनो, गोळी देताना एक वाक्य बोलायला इतके जड का जाते? कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर या पालिका रुग्णालयांत बीपी आणि फिटच्या प्रत्येक केसपेपरवर ‘हिरड्या तपासल्या’ अशी ओळ हवी, ही आमची मागणी आहे. आमच्या कार्यकर्त्यांनी चाळीचाळींत बीपी तपासणी शिबिरे भरवली आहेत, या मागणीसाठी सह्या गोळा करण्याचे कामही ते नेटाने करतील. मागणीपत्र घेऊन ते दारी आले की सही करा, आणि घरातल्या गोळ्यांची पाकिटे त्यांना दाखवा.