पंधरा वर्षे इंग्रजी

मराठवाड्यातल्या महाविद्यालयातून बीए होऊन बाहेर पडणारा विद्यार्थी पहिलीपासून सलग पंधरा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत तो मुलाखतीला बसतो. समोरून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ आले, की ‘मायसेल्फ’पासून सुरू होणारे पाठ उत्तर गाव, वडिलांचा व्यवसाय, छंद असे एका दमात म्हणून होते. पुढचा प्रश्न पाठांतराबाहेरचा निघतो आणि गाडी अडते. बाहेर आल्यावर हाच मुलगा सोबत्यांना ती मुलाखत नकलांसकट मराठीत रंगवून सांगतो. बोलता येत नाही, असे त्याच्याबद्दल म्हणण्याची सोय नाही.

इंग्रजी उशिरा सुरू होते म्हणून कच्चे राहते, असे पूर्वी सांगितले जाई. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले २०१५ च्या आसपास पदवीधर झाली. चार वर्षांची भर पडूनही तक्रार पाचवीवाल्यांच्या वेळी होती तीच आहे. वर्षे वाढली, तासाची पद्धत मात्र बदलली नाही.

ती पद्धत पाठ्यपुस्तक उघडले की दिसते. इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले असतात आणि समासात मराठी अर्थ. शिक्षक वाक्य वाचतात, अर्थ सांगतात, उत्तर फळ्यावर लिहून देतात. मुले ते उतरवून घेतात. महाविद्यालयात फळ्याची जागा गाइड घेते आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी हातोहात फिरते. मूळ पुस्तक विकत न घेताही कम्पल्सरी इंग्लिशचा पेपर निघतो. इंग्रजी हा सुटण्याचा विषय असतो आणि तो सुटतोही.

चुका मात्र अडाणीपणाच्या नसतात. मराठीत ‘मी गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेलो’वर असतो, म्हणून विद्यार्थी ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणतो. इंग्रजीत तो भूतकाळ ‘डिड’ने आधीच उचललेला असतो, हे त्याला कोणी उलगडून दाखवलेले नसते. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत जोडच नाही, त्यामुळे ती कुठेही पडतात किंवा गळतात. मराठी माणसाला इंग्रजी ‘येते’, जशी भूक लागते किंवा झोप येते. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होऊन ती जाणतो. दोन्ही भाषा शेजारी ठेवून असा फरक दाखवायला अर्धा तास पुरतो. अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत तेवढाही मिळत नाही.

इथले बहुतेक विद्यार्थी मुळात बहुभाषक आहेत. बंजारा तांड्यावरचा मुलगा घरी गोरबोली बोलतो, शाळेत मराठी शिकतो. औरंगाबादच्या शहागंजात दखनी उर्दू कानावर पडते, उर्दू माध्यमाच्या शाळा गल्लोगल्ली आहेत आणि हिंदी तर चित्रपटांतूनच अंगवळणी पडते. इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा. आधीच्या भाषा वापरातून आल्या, ही तेवढी वह्यांतून.

या शहराला याहून वेगळी परंपरा आहे. निजामाच्या राज्यात १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, इंग्रजी सक्तीचा विषय होती. मौलवी अब्दुल हक औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय बरीच वर्षे याच शहरात होते आणि तिने इंग्रजी-उर्दू कोशाचे प्रचंड काम १९३७ मध्ये तडीस नेले. इंग्रजीतले ज्ञान उर्दूत आणायचे, तर इंग्रजी बारकाईने वाचावीच लागे. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद, इथे सुरू झाले आणि घरात पहिल्यांदाच शिकणारी मुले खेड्यांतून आली. त्यांना अमेरिकेत पीएचडी करून परतलेल्या म. ना. वानखेडे यांच्यासारखा इंग्रजीचा प्राध्यापक भेटला. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांचे साहित्य त्यांनी इथल्या तरुणांपुढे ठेवले. १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले, पुढे गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. दलित साहित्याच्या चर्चेला इंग्रजी वाचनाचे असे खाद्य मिळाले आणि लिहिले गेले ते मराठीत. तिथे इंग्रजी कशाला हवी, हा प्रश्न कोणी विचारला नसावा.

अशी गरज नसताना माध्यमच बदलले की काय होते, हे टांझानियात दिसते. तिथे सरकारी प्राथमिक शाळांत सात वर्षे सगळे स्वाहिलीत शिकवून माध्यमिक शाळेत एकदम जवळपास सगळे विषय इंग्रजीत सुरू होतात. मुले फळ्यावरचे उतरवतात, शिक्षक समजावताना पुन्हा स्वाहिलीवर येतात. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाला हे नवे वाटणार नाही. सेमी-इंग्लिशने उडी थोडी लहान केली. पण गणिताची परिभाषा इंग्रजीत आली म्हणजे इंग्रजीत परिच्छेद लिहिता येतो असे नाही.

पदवीनंतर उरतात ते फाडफाड इंग्रजीचे क्लास. तिथे निदान तोंड उघडावे लागते, हा त्यांचा खरा गुण. महाविद्यालयांनी घेतलेल्या भाषा-प्रयोगशाळांतले हेडफोन बहुधा तपासणी समिती येते त्या दिवशी पुसून ठेवले जातात. या पदवीधरांतला एखादा बीएड करून गावाकडच्या हायस्कुलात लागतो. त्याचा विषय इतिहास असतो, पण तासिका भरायच्या असतात. वेळापत्रकात आठवीची इंग्रजी त्याच्याच नावावर पडते.