देवाला विचारलंत, मडगावकरांना कधी विचारणार?

मा. श्री. दिगंबर कामत,
आमदार, मडगाव, तथा मंत्री, गोवा राज्य

दिगंबरबाब,

काँग्रेस सोडताना तुम्ही सांगितलंत, देवळात जाऊन देवाला विचारलं आणि योग्य वाटेल ते कर, असं देवानेच सुचवलं. तुमच्या आणि देवाच्या बोलण्यात आम्ही पडत नाही. पण 22 जानेवारी 2022 रोजी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा, अशा तीन ठिकाणी तुमच्यासह काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली, तेव्हा हा देव कुठे होता?

10 मार्चला निकाल लागला. भाजपचे उपमुख्यमंत्री बाबू आजगावकर यांना मडगावने पाडलं आणि तुम्हाला निवडून दिलं. 14 सप्टेंबरला तुम्ही त्याच भाजपमध्ये. सहा महिने आणि चार दिवस! काँग्रेसचे आमदार होते 11. त्यातले सात फुटले असते, तर सातही जणांची आमदारकी धोक्यात आली असती. आठ झाले, दोन-तृतीयांशाचा हिशेब जुळला आणि पक्षांतराचं ‘विलीनीकरण’ झालं. 2019 मध्ये 15 पैकी 10 गेले होते, तोही हिशेब असाच चोख. त्या वेळी मागे उरलेल्या पाचांत तुम्ही होता, विरोधी पक्षनेतेपद तुम्हाला त्यामुळेच मिळालं. तुम्हा आठ जणांविरुद्धच्या अपात्रतेच्या याचिका सभापतींनी दोन वर्षांनी, 2024 मध्ये, फेटाळल्या. ऑगस्ट 2025 मध्ये तुम्ही मंत्री झालात. अभिनंदन.

पक्ष बदलला म्हणून हे पत्र नाही. 1994 मध्ये भाजपचे पहिले चार आमदार विधानसभेत गेले, त्यांत पर्रीकरांसोबत तुम्ही होता. 2005 मध्ये काँग्रेसमध्ये गेलात, पुढे 2007 ते 2012 मुख्यमंत्री होतात. मडगावने यातलं काहीच मनावर घेतलं नाही. 1994 पासून या शहराने दुसरा आमदार पाहिलेला नाही.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. 2005 मध्ये भाजप सोडताना तुम्ही आमदारकीही सोडलीत. पोटनिवडणुकीत काँग्रेसची निशाणी घेऊन आमच्या दारात आलात आणि आम्ही तुम्हाला पुन्हा निवडून दिलं. एक-तृतीयांश आमदारांच्या फुटीची पळवाट 2003 च्या घटनादुरुस्तीने बंद झाली होती, त्यामुळे तेव्हा दुसरा मार्गच नव्हता, हेही आम्हाला ठाऊक आहे. म्हणजे कायद्याने अडवलं की मतदार आठवतो, आणि आठवा आमदार मिळाला की मतदाराची गरज उरत नाही, असंच ना?

कायदेशीरपणाचं पुराण आता पुरे. भाजपविरुद्ध पडलेलं मत भाजपच्या बाकावर नेण्याची परवानगी आम्ही कधी दिली, एवढं सांगा. सांगता येत नसेल, तर मंत्रिपदासकट आमदारकीचा राजीनामा द्या आणि 2005 सारखे या. कमळावरच उभे राहा, आमची हरकत नाही. कदाचित जिंकालही.

मडगावातील एक मतदार