भाजे लेण्यांतील वाद्य आणि आमच्या मुलांची सहल

यंदा चौथीच्या वर्गाची सहल भाजे लेण्यांवर न्यावी आणि 'संगीत आणि आपला परिसर' हा तिचा विषय असावा, असे ठरले, तेव्हा दोन आक्षेप आले. ज्यांच्या वाडवडिलांना गावकीचा भाग म्हणून इतरांच्या दारी वाजवावे लागले, त्यांच्या नातवंडांच्या हाती शाळेने पुन्हा वाद्य का द्यावे, असे एका ज्येष्ठ पालकांनी विचारले. दुसऱ्या एका उपासकांनी अष्टशीलातील नृत्य-गीत-वादनापासून विरत राहण्याच्या शीलाचे स्मरण करून दिले. दोन्ही आक्षेप तळमळीचे होते. त्यांची दखल या स्मरणिकेतून घेणे मला अगत्याचे वाटते.

पुणे-लोणावळा लोकलने ही सहल स्वस्तात होते. वाटेत देहूरोड स्थानक लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते हे गाव. पुढे मळवलीला उतरून भाजे गावातून पायऱ्या चढल्या की इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून कोरलेली लेणी समोर येतात. माथ्यावर लोहगड आणि विसापूर. चौथीची मुले त्या वर्षी शिवछत्रपतींचा इतिहास शिकत असतात. त्यामुळे गड त्यांना आधी दिसतो आणि लेणी नंतर. 'हे पांडवांनी एका रात्रीत कोरले', असे सांगणारे कोणी ना कोणी वाटेत भेटतेच. आम्ही मुलांना त्यावर वाद घालायला सांगत नाही, शिलालेख पाहायला सांगतो. येथील एका लेखात खोलीचे दान देणारी स्त्री आहे बाधा, एका हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्याची पत्नी. राजा नव्हे, श्रेष्ठी नव्हे. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांच्या आया शेतमजुरी करतात. हे नाव ऐकून मुली ज्या रीतीने त्या भिंतीकडे पाहू लागल्या, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने साधले नसते.

संगीताचा धडा सूर्यगुंफा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विहाराच्या शिल्पांत आहे. एक स्त्री उभ्या ठेवलेल्या दोन चर्मवाद्यांवर हात चालवीत आहे आणि दुसरी नाचत आहे. 'दोन हजार वर्षांपूर्वीचा तबला' असे त्याचे वर्णन केले जाते. इतिहासाच्या शिक्षकाने येथे थोडे थांबावे. आजचा तबला अठराव्या शतकाच्या आसपास घडला. दगडातील वाद्य त्याच्यासारखे दिसते, इतकेच म्हणावे. विहारातील रथ आणि हत्तीच्या शिल्पांना सूर्य-इंद्र म्हणण्याबाबतही अभ्यासकांत एकमत नाही. 'दिसते' आणि 'आहे' यांतला फरक नऊ वर्षांच्या मुलाला कळतो. मोठ्यांनाच तो पुष्कळदा नको असतो.

आता आक्षेपांकडे वळू. अष्टशील हे उपोसथाच्या दिवशी उपासकाने स्वेच्छेने घ्यावयाचे व्रत आहे. नित्याच्या पंचशीलात गायन-वादनाचा निषेध नाही. शिवाय भिक्खूंच्या निवासातच वादक स्त्री कोरलेली असताना, कला आणि धम्म यांत वैर आहे असे मुलांच्या मनावर बिंबवणे मला तरी योग्य वाटत नाही.

पहिला आक्षेप अधिक खोल आहे. हलगी वाजवणाऱ्याला पंगतीबाहेर बसविले गेले. कातड्याला हात लावणाऱ्याचा विटाळ मानणाऱ्यांना त्याच कातड्याच्या तालावर मिरवणूक मात्र चालत असे. गावकीची ही कामे आपल्या लोकांनी सोडली, ती स्वाभिमानाने आणि पोटाला चिमटा घेऊन. तो निर्णय बरोबरच होता. परंतु सोडली ती सक्ती. ताल सोडण्याचे कारण नव्हते. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी हे फार आधी ओळखले. त्यांनी तमाशाचा बाज घेतला, गण-गवळण बाजूला सारली आणि त्या जागी चळवळीचा विचार आणला. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या वामनदादा कर्डकांची गाणी आज आमच्या शेकडो घरांत तोंडपाठ आहेत. वाद्य तेच होते. बदलले ते वाजवणाऱ्याचे स्थान आणि कशासाठी वाजवायचे हे ठरविण्याचा अधिकार.

चैत्यगृहात मुलांनी एका सुरात त्रिसरण म्हटले. छताच्या लाकडी कमानींखाली आवाज घुमून परत आला, तेव्हा वर्गातला सर्वांत दंगेखोर मुलगा कान टवकारून उभा राहिला आणि 'सर, कोण म्हणतंय?' असे विचारू लागला. त्याला ध्वनीचे शास्त्र मी परतीच्या गाडीत समजावले. तिथे समजावले नाही.

वॉटर पार्कच्या सहली बंद कराव्यात, असे मी म्हणत नाही; मुलांना पाणीही हवे. पण वर्षातली एक सहल अशी असावी आणि तिच्या आधी महिनाभर तयारी व्हावी. आपल्या संगीतखोलीत एक हार्मोनियम आहे; ढोलकी, हलगी, तुणतुणे नाही. जलशात वाजवलेले वृद्ध कलावंत ज्यांच्या घरात किंवा वस्तीत असतील, अशा माजी विद्यार्थ्यांनी शाळेला कळवावे. पुढील वर्षी कार्ल्याला जाण्यापूर्वी, शक्य झाल्यास दिवाळीच्या सुट्टीआधी, त्यांना सन्मानाने वर्गात बोलवायचे आहे.