साधी सायकल व लांबचा पल्ला

लांबच्या प्रवासास भारी किंमतीचीच सायकल हवी, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हांस ती मान्य नाहीं. सन १९२३ मध्यें मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले; त्यांपैकीं हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ मध्यें परतले. राजूरहून जालना तर अवघें २५ किलोमीटर! वाटेंत सायकल अडते ती बहुधा स्वस्तपणामुळें नव्हे, तर हयगयीमुळें. निघण्यापूर्वीं चाकांत हवा भरावी, साखळी पुसून तेल सोडावें, ब्रेकचीं झिजलेलीं रबरें बदलावीं, ढिले नट आवळावे. जवळ पंप व पंक्चरचें सामान ठेवावें. पालकांनीं मुलामुलींस नवी सायकल घेऊन देण्यापूर्वीं जुनीची निगा राखण्यास शिकवावें, हें अधिक हिताचें.