नावाला टाळ्या, कामाचं काय?

८ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुबारकबादचा पाऊस पडला. रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी या तिघांना जाहीर झालं होतं. ग्रुपवर मात्र एकच नाव फिरत होतं. 'आपला माणूस!' मी विचारलं, "त्यांनी शोधलं काय?" तासभर सगळे गप्प. मग कुणीतरी अंगठा पाठवला.

दोष कुणाला देऊ? मलाही माहीत नव्हतं. मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. दुसऱ्या दिवशी वर्गात बातमी वाचून दाखवली: धातूचे अणू आणि कार्बनचे रेणू जोडून या तिघांनी असे स्फटिक घडवले, ज्यांच्या आत पोकळ्याच पोकळ्या आहेत. याघींच्या 'एमओएफ-५' या पदार्थाच्या दोन-चार ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, इतकी बारीक भोकं डोळ्यांना दिसत नाहीत. मग आत काय चाललंय ते कळतं कसं?"

या प्रश्नानं मला आठवडाभर वाचायला लावलं.

स्फटिकाचा सांगाडा क्ष-किरणांनी कळतो. पण आत शिरलेला वायू कुठे बसला, हे विचारायला प्रकाशाची दुसरी भाषा लागते. रेणूंमधले बंध स्प्रिंगसारखे थरथरतात आणि बहुतेक बंध आपापल्या थरथरीशी जुळणारा अवरक्त प्रकाश तेवढा शोषतात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू मोकळा असताना सेंटिमीटरला २१४३ तरंग या ठिकाणी प्रकाश शोषतो. पोकळीतल्या धातूला चिकटला की ही जागा सरकते. किती आणि कुठल्या बाजूला सरकली, यावरून त्या धातूचा स्वभाव कळतो. म्हणजे आत एक पाहुणा पाठवायचा आणि त्याच्या आवाजातला फरक ऐकायचा.

बाजारातल्या पॉलिथिनच्या पिशवीचंही तसंच. तिच्यातल्या लांब साखळ्या जिथे अस्ताव्यस्त असतात, तिथे ७२० च्या आसपास एकच खूण मिळते. जिथे त्या जमातीच्या सफीसारख्या शिस्तीत उभ्या असतात, तिथे ७२० आणि ७३० अशा दोन खुणा दिसतात. पिशवी न फाडता तिच्या आतली शिस्त कळते!

या आलेखाला मराठीत वर्णपट म्हणतात, उर्दूत तैफ. अरबीत तैफ म्हणजे स्वप्नात दिसणारी छाया. छायेवरून वस्तू ओळखण्याचंच हे शास्त्र. १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे इजिप्तचे अहमद झेवैल याच शास्त्राचे. त्यांचं नावही आपण मिरवतो, काम सांगत नाही.

काही मित्र म्हणतात, "सर, आपल्या पोरांना रोज काय काय ऐकावं लागतं. एखाद्या नावाचा अभिमान बाळगला तर बिघडलं कुठं?" बिघडत नाही. अभिमानाची गरज मलाही कळते. पण नुसतं नाव मिरवून पोराच्या हाती काही येत नाही. प्रश्न विचारायची सवय मात्र त्याची स्वतःची होते, ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

याघी अम्मानमध्ये एका पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात वाढले. भावंडं पुष्कळ, खोली एक, वीज नाही. दहा वर्षांचे असताना एरवी कुलूपबंद असणाऱ्या शाळेच्या वाचनालयात ते शिरले. तिथल्या एका पुस्तकात त्यांनी रेणूंची चित्रं पहिल्यांदा पाहिली. पुढचं सगळं त्यानंतरचं.

मी आजवर पाहिलेल्या कितीतरी शाळांत प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असतं, आणि चावी कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. आपण जलशांना, सत्कारांना, शालींना वर्गणी काढतो. या वर्षी एक वर्गणी त्या कपाटासाठी काढू या. एक प्रिझम, एक भिंग, थोडी रसायनं, आणि शिकवायला तयार असलेला एखादा इंजिनिअर झालेला माजी विद्यार्थी, एवढ्यानं सुरुवात होते.

त्या मुलीला मी उत्तर दिलं. तिनं लगेच दुसरा प्रश्न विचारला, "सर, ते यंत्र आपल्याला बघायला मिळेल?" याचं उत्तर मी एकटा देऊ शकत नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे.