भीतीचा इलाज

घरातल्या मुलीला लिफ्टची, पाण्याची किंवा गर्दीची दहशत बसली की आपण काय करतो? ती वाट टाळतो, दम करून आणतो, नाहीतर ‘इमान कमजोर आहे’ म्हणून तिला गप्प करतो. टाळल्याने घडीभर जीव शांत होतो. पण भीती पक्की होते, कारण धोका नव्हता हे मनाला कळतच नाही.

९३४ मध्ये इंतिकाल झालेले बल्खचे अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मनाच्या आरोग्यावरील ग्रंथात सांगितले होते की, भ्यालेल्या मनाला त्या गोष्टीची सवय लावावी. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याला आवडीचा खाऊ देत ससा टप्प्याटप्प्याने जवळ आणला. शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला.

आजची एक्स्पोजर थेरपी याच वाटेने जाते. मात्र दंगल, अपघात, अत्याचार यांच्या आठवणींवरचे उपचार प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यावेत. घरच्यांनी जबरदस्ती करू नये. दुआ करावीच, सोबत १४४१६ या मोफत टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलावे. आम्हाला वाटते, इलाज करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.