पऱ्हाटीतली साखर

कपाशीची उलंगवाडी झाली की आमच्या वऱ्हाडात पऱ्हाटी उपटायची, तिच्या मोळ्या बांधायच्या आणि त्यावर चूल पेटवायची. आई म्हणायची, "कापूस सावकाराचा, पऱ्हाटी तेवढी आपली." या काड्यांत साखर आहे असे तिला कोणी सांगितले असते, तर ती हसली असती!

पण साखर आहे खरी. लाकडातले सेल्युलोज ही ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८१९ सालीच चिंध्यांवर सल्फ्युरिक अ‍ॅसिडची क्रिया करून साखर मिळवली होती. मग एवढ्या वर्षांत घोडे अडले कुठे? लिग्निनपाशी. हा चिवट पदार्थ सेल्युलोजला वेढून बसतो आणि साखर सोडवणाऱ्या एन्झाइमना आत शिरू देत नाही. म्हणून लाकूड आधी रसायनात शिजवावे लागते. सौम्य आम्लात, दाबाखाली, दीडशे ते दोनशे अंश तापमानाला हेमिसेल्युलोज विरघळते आणि वाट मोकळी होते. कॉस्टिक सोडा वापरला, तर सोड्यात उकळलेल्या कपड्यांचा मळ निघावा तसे लिग्निनच सुटू लागते.

पाक करणाऱ्या गृहिणीला आचेचे महत्त्व सांगायला नको. इथेही आच किंवा आम्ल जास्त झाले की साखरेचे फरफ्युरल बनते आणि ते यीस्टला मारक ठरते. मग मद्यार्क कुठला? शिवाय उरलेले आम्ल चुन्याने मारले, की जिप्समचा गाळ साचतो. तो टाकायचा कुठे?

आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन २०२५ साली झाले. उद्या असा कारखाना पऱ्हाटी मागत आमच्या गावी आला, तर मला आनंदच होईल. शेतात पेटवून देण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण पऱ्हाटीला कोणी 'टाकाऊ' म्हटले, की मी सावध होतो. टाकाऊ मालाला भाव द्यावा लागत नाही ना! जिच्या घरी आजही त्यावर भाकरी भाजली जाते, तिच्या लेखी ते टाकाऊ नाही. तिचे सरपण न्यायचे, तर निदान गॅस भरण्याइतके पैसे तिच्या हाती पडले पाहिजेत.

तेव्हा कारखान्याची कोनशिला बसण्याआधी गावाने दोनच गोष्टी लेखी मागाव्यात: पऱ्हाटीचा भाव काय, आणि आम्ल-सोड्याचे पाणी जाणार कुठे? नाही तर साखर त्यांची आणि गाळ आमचा, अशी वाटणी व्हायची.